साडेसहा

सुईचं गणित उलटं असतं:
आकडा वाढतो तसं भोक बारीक होत जातं.
सोळा नंबर देवणी वळूला, बावीस वासराला,
सव्वीस वर्षं हेच हातात मुरलेलं.
म्हणून नांदेडात, वजिराबादच्या गल्लीत,
टहलसिंगांच्या लेथसमोर
नळ्यांची मापं पहिल्यांदा ऐकली
तेव्हा मी लहानाला मोठं समजत होते.

ते हसले नाहीत.
फडक्यावर दोन रिकामी काडतुसं उभी केली.
"हे तीनशे आठ. बैलासारखं. ओढतं, थकत नाही,
फक्त हजार मीटरवर वाऱ्याचं जरा जास्तच ऐकतं.
आन् हे साडेसहा. सडपातळ.
वाऱ्यातून असं निघून जातं
जशी भरल्या लग्नघरातून एखादी शहाणी आत्या,
कुणाला धक्का न लावता."

वारा मला माहीत आहे.
उदगीरच्या पुढं, खाणीमागच्या रेंजवर,
मार्चात करडई काढून झालेली असते, काळं रान उघडं,
आणि विरूपाक्षअप्पा दुर्बिणीतून मृगजळ वाचतात.
भूमापनातून निवृत्त झाले, मोजायची खोड गेली नाही.
"सरळ उकळतंय. थांबा."
"आता डावीकडं पळतंय. दीड."
साऱ्या मुलखाला फसवणारं ते पाणी
आमच्याशी तेवढं खरं बोलतं.
मग गोळी जाते. मग काहीच नसतं.
श्वासभर, दोन श्वास काहीच नसतं,
आणि मग लोखंडी पाटीचा आवाज,
दूरच्या वस्तीवर कुणी ताटली पाडल्यासारखा.

तर साडेसहा. ठरवूनच आले होते.
"वर्षाला किती उडवता?"
"सहाशे. स्पर्धा असली तर सातशे."
त्यांनी पगडीच्या घडीतून पेन्सिल काढली.
"ही नळी लवकर जळते, डॉक्टरीणबाई.
घशापाशी भेगा पडतात, आटलेल्या तळ्यागत.
अडीच हजार. लई तर अठ्ठावीसशे.
तीनशे आठ हिच्या दुप्पट चालंल."

अडीच हजार भागिले सहाशे.
चार वर्षं आणि काही रविवार.

हे उत्तर माझ्याकडे आधीच होतं.
लातूरला, अंधाऱ्या खोलीत, हनुवटी टेकवून,
ठिपका दिसला की बटण दाबायचं.
मी नेमबाज. वाटलं, एकही सुटायचा नाही.
उजव्या डोळ्यानं वरच्या कोपऱ्यातले अकरा सोडले.
काचबिंदू.
काच आणि बिंदू. आमच्या खेळाला
याहून नेमकं नाव कुणी ठेवलं नसतं.
थेंब, दिवसातून दोनदा. वर्षांचं डॉक्टर बोलेनात,
मी विचारत राहिले, तेव्हा म्हणाले,
चार, पाच, सांगता येत नाही.

"साडेसहाच," मी म्हणाले.
"जळू द्या. आम्हा दोघींचा हिशेब जुळतो."

टहलसिंगांनी आकडा लिहिला, पण खाली रेघ मारली नाही.
"नळी बदलता येते, बाई.
आटे सोडवायचे, नवी बसवायची. अर्ध्या दिवसाचं काम."
मग अप्पांकडं बघितलं, आणि अप्पांनी रस्त्याकडं.
म्हणजे मागच्या खेपेला हे एकटेच आले होते ते यासाठी.
"कुंदा अजून कोरला नाही.
डाव्या खांद्याचा करू का?"

राग आला. अप्पांचा, त्या पेन्सिलीचा,
बाकावर पडलेल्या अक्रोडाच्या ठोकळ्याचा.
गल्लीतून गॅसच्या टाक्या वाजवत एक टेम्पो गेला
तोवर कुणी काही बोललं नाही.

मग मी तो ठोकळा उचलला.
जड, बिनतेलाचा, नुसतं लाकूड.
डावा गाल टेकवून पाहिला.
परक्या घरातली उशी.
उजवा डोळा मिटायला गेले तर डावाच मिटला.
पुन्हा केलं. पुन्हा डावाच.

"हं," अप्पा दारातून म्हणाले, मागं न वळता,
"थांबा. अजून सरळ उकळतंय."